स्थलांतर आणि निर्वासित या विषयात संशोधक व्हायचंय? एम.ए.पासून नोकरीपर्यंतची वाट, टप्प्याटप्प्याने

महाराष्ट्रातल्या प्राध्यापक भरतीच्या जाहिराती वर्षभर चाळल्या, तरी त्यांत 'स्थलांतर अभ्यास' नावाचं पद सापडणं अवघड आहे. जागा निघते ती समाजशास्त्राची, भूगोलाची, अर्थशास्त्राची, राज्यशास्त्राची, इतिहासाची किंवा समाजकार्याची. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याने सगळ्यात आधी हे लक्षात घ्यायला हवं, कारण पुढचे बहुतेक निर्णय यावरच ठरतात. स्थलांतर हा तुमचा अभ्यासाचा प्रांत असेल, पण पगार देणारा विभाग दुसऱ्याच नावाचा असणार. म्हणून मूळ विषय घट्ट धरायचा आणि त्याच्या आत राहून स्थलांतराचं काम उभं करायचं. उलट क्रमाने गेलेले हुशार विद्यार्थी पीएच.डी.नंतर छाननी समितीसमोर अडतात. प्रबंध उत्तम असतो, पण एम.ए. एका विषयात, नेट (प्राध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) दुसऱ्या विषयात आणि जागा तिसऱ्याच विषयाची, अशी गत होते.

मूळ विषय कोणता?

आपल्याला कोणत्या प्रकारचा प्रश्न पडतो, ते आधी तपासा. किती लोक गेले, कुठून कुठे गेले, बायका किती, परत किती आले, हे प्रश्न खुणावत असतील तर लोकसंख्याशास्त्र, अर्थशास्त्र किंवा भूगोल घ्या. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, म्हणजे आयआयपीएस, १९५६ पासून याच कामासाठी आहे. गेलेल्या माणसाच्या घरात, नात्यात, जातीत काय बदललं हे पाहायचं असेल तर समाजशास्त्र किंवा मानवशास्त्र बरं. कागदपत्रं, नागरिकत्व, सीमा, कायदा यांत रस असेल तर राज्यशास्त्र किंवा विधी. फाळणी आणि पुनर्वसन यांसाठी इतिहास.

परदेशातून 'निर्वासित अभ्यास' या नावाची पदव्युत्तर पदवी घेऊन मग भारतात नोकरी शोधायचा विचार असेल, तर जाण्याआधीच दोन गोष्टी तपासा. त्या पदवीवर भारतात कोणत्या विषयाच्या पदासाठी अर्ज करता येईल? आणि तिची समकक्षता मिळेल का? परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नियम यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२५ मध्ये नव्याने काढले आहेत, ते मुळातून वाचा. सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे भारतात मूळ विषयात एम.ए. आणि नेट करायचं आणि परदेशी पदवी त्यावर जोडायची.

प्रश्न निवडताना

'महाराष्ट्रातील स्थलांतर: एक समाजशास्त्रीय अभ्यास' हा विषय नव्हे, हे फक्त शीर्षक झालं. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकेल. ऊसतोड कामगारांचंच उदाहरण घेऊ, कारण यातली मेख कागदावर बसून दिसत नाही.

बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून माणसं दिवाळीच्या सुमारास तोडीला निघतात आणि हंगाम आटोपला की परततात. २०११ च्या जनगणनेत माणसं मोजली गेली ९ ते २८ फेब्रुवारीला, म्हणजे ऐन गाळप हंगामात. २०२७ च्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च आहे, म्हणजे पुन्हा तोच काळ. गावात घराला कुलूप, मागे म्हातारी माणसं, आणि जोडपं कारखान्याच्या तळावर खोपीत. तिथे प्रगणक पोचला तर नोंद, नाही तर नाही. आता नमुना पाहणीकडे वळू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ६४ व्या फेरीने (२००७-०८) अल्पकालीन स्थलांतरित ठरवला तो गेल्या ३६५ दिवसांत कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेला. दिवाळीनंतर जाऊन गुढीपाडव्याला परतलेलं जोडपं या व्याख्येत बसतं. हंगाम लांबला आणि ते मेमध्ये परतलं की बाहेर पडतं. त्यातही ही माहिती सांगायला घरातलं कोणीतरी गावी हवं. अख्खं कुटुंबच गेलं असेल तर पाहणी करणारा कुलूप बघून शेजारच्या घरात जातो.

यातून खरा संशोधनप्रश्न निघतो: पाहणी कोणत्या महिन्यात झाली यावर बीडमधल्या एखाद्या तालुक्याचा हंगामी स्थलांतराचा आकडा किती बदलतो? चार गावं, दोनदा घरमोजणी, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा जानेवारीत. हे काम एका माणसाला तीन वर्षांत झेपतं, उत्तर कोणत्याही बाजूने येऊ शकतं आणि अर्थशास्त्र, भूगोल, लोकसंख्याशास्त्र अशा तिन्ही विषयांत ते चालतं.

निर्वासितांवर काम करायला थेट दिल्ली किंवा बांगलादेशातल्या रोहिंग्या छावण्यांचं कॉक्स बाजार गाठायची गरज नसते. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर नाव मिळालं. पिंपरीचा कॅम्पही त्याच लाटेतला. गडचिरोलीत मुलचेरा, चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती आहेत. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी वसाहत आहे. कोयना धरणाने उठवलेली गावं रायगड, ठाणे, सांगलीकडे विखुरली. तीही सक्तीची स्थलांतरितच, जरी कायदा त्यांना 'प्रकल्पग्रस्त' म्हणतो. गडचिरोलीच्या बंगाली वसाहतींवर मराठीत गंभीर काम फार थोडं आहे. ज्याला बंगाली शिकायची तयारी आहे, त्याने तिकडे जरूर पाहावं.

उपलब्ध आकडेवारी आधी हाताळा, मगच क्षेत्रकार्याचं ठरवा. जनगणनेचे 'डी' मालिकेतले (स्थलांतराचे) तक्ते, २०२०-२१ च्या श्रमबल पाहणीतला स्थलांतराचा भाग आणि सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावरची मूळ एकक-माहिती, सगळं मोफत मिळतं. आकडेवारी हाताळायचं स्टाटा हे सॉफ्टवेअर परवडत नसेल तर 'आर' हे मोफत सॉफ्टवेअर शिका. रोज तासभर दिला तर चार महिन्यांत कामापुरतं येतं. केरळची स्थलांतर पाहणी १९९८ पासून ठरावीक अंतराने होत आली आहे. तिच्या प्रश्नावल्या वाचल्या की चांगला प्रश्न कसा विचारायचा ते कळतं. महाराष्ट्राकडे अशी सलग पाहणी नाही, आणि ही उणीव आपल्या विद्यापीठांना बोचायला हवी.

नेट, सेट आणि पैशाची सोय

यूजीसी-नेट वर्षातून दोनदा होते. पहिला पेपर ५० प्रश्नांचा, १०० गुणांचा. दुसरा १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा. दोन्ही मिळून तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. एम.ए.ला खुल्या गटात ५५ टक्के, राखीव गटात ५० टक्के लागतात. जेआरएफसाठी (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी) वयोमर्यादा ३० वर्षं, स्त्रिया आणि राखीव गटांना पाच वर्षांची सवलत. रक्कम पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. स्थलांतरावर काम करणाऱ्याला प्रवासाचा खर्च जास्त येतो आणि आकस्मिक खर्चाची रक्कम मानव्यविद्येत पहिली दोन वर्षं सालीना १०,००० रुपयेच असते. त्यामुळे क्षेत्रकार्याचं अंदाजपत्रक आधी मांडा, विषय नंतर पक्का करा.

जून २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशालाही धरतात. जेआरएफ न मिळता केवळ पात्र ठरलेल्यांच्या बाबतीत ७० टक्के भार नेटच्या गुणांना, ३० टक्के मुलाखतीला, आणि प्रवेशासाठी ते गुण एक वर्षच चालतात. निकाल लागल्यावर 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारे इथेच वाया जातात.

सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची परीक्षा, पुणे विद्यापीठ घेते. तिला वयाची अट नाही, पण तिच्यावर अधिछात्रवृत्तीही नाही आणि बाहेरच्या राज्यात ती चालत नाही. नेटचा अभ्यास चालू असताना सेट देऊन ठेवावी.

जेआरएफ हुकली म्हणजे सगळं संपलं असं नाही. बार्टी, सारथी, महाज्योती आणि टीआरटीआय या राज्य संस्था आपापल्या प्रवर्गांतल्या पीएच.डी. संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. आयसीएसएसआरची (भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची) डॉक्टरल अधिछात्रवृत्ती सामाजिक शास्त्रांच्या सगळ्यांना खुली असते. बहुतेक ठिकाणी पीएच.डी.ची नोंदणी पक्की झालेली असावी लागते आणि एका वेळी एकच अधिछात्रवृत्ती घेता येते. कोणतीही रक्कम दरमहा ठरल्या तारखेला जमा होईल असं गृहीत धरू नका. चार ते सहा महिन्यांच्या खर्चाची तजवीज करूनच नोंदणी करा.

मार्गदर्शक आणि प्रवेश

मार्गदर्शक निवडताना विद्यार्थी नावाकडे बघतात. बघायचं असतं निवृत्तीच्या तारखेकडे आणि रिकाम्या जागांकडे. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरलेल्या प्राध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे दोन्ही आकडे विभागात फोन करून विचारा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. मग शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जाऊन त्यांच्या हाताखाली पूर्ण झालेले दोन-तीन प्रबंध चाळा. संदर्भसूचीतली सगळ्यात नवी नोंद कोणत्या सालची आहे, ते बघितलं की त्या विभागात वाचन किती ताजं आहे ते समजतं.

पीएच.डी.ला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं, त्यावर दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. स्त्री संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. अभ्यासक्रमाची किमान १२ श्रेयांकं आधी पूर्ण करावी लागतात. हा काळ गावात ओळखी करण्यात आणि भाषा शिकण्यात घालवा, क्षेत्रकार्याला वेग येतो. नोकरी करत अर्धवेळ पीएच.डी. करता येते, मात्र नोकरीच्या ठिकाणचं ना-हरकत पत्र लागतं. हंगामी स्थलांतरावर काम करणाऱ्या अर्धवेळ संशोधकाने रजेचा हिशेब आधी घालावा, कारण हंगाम तुमच्या उन्हाळी सुट्टीची वाट पाहत नाही.

नोंदणीच्या वेळी शीर्षक थोडं सैल ठेवा. नोंदणीनंतर शीर्षक बदलायला पुन्हा समितीकडे जावं लागतं आणि त्यात महिने जातात. शीर्षकात तालुक्याचं नाव घालायचं टाळा, जिल्हा पुरतो. का, ते पुढे क्षेत्रकार्याच्या भागात येईल.

संशोधन आराखडा १,५०० ते २,००० शब्दांचा असावा. निम्मे शब्द स्थलांतराच्या इतिहासावर आणि जगभरच्या व्याख्यांवर गेले की आराखडा पडला म्हणून समजा. समितीला हवं असतं: प्रश्न काय, आधीच्या अभ्यासांत तो का सुटला नाही, माहिती कोणाकडून आणि कशी मिळणार, आणि ती नाही मिळाली तर दुसरा मार्ग काय. शेवटचा मुद्दा बहुतेकांच्या आराखड्यात नसतो, आणि निर्वासितांच्या अभ्यासात नेमकी तीच अडचण हमखास येते. छावणीत जायची परवानगी नाकारली जाते, शासकीय फाइल मिळत नाही.

देशात या विषयाचं वातावरण जिथे आहे अशा काही जागा माहीत हव्यात. मुंबईत आयआयपीएस आणि टाटा समाजविज्ञान संस्था. तिरुवनंतपुरमला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज आणि इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मायग्रेशन अँड डेव्हलपमेंट. हैदराबाद विद्यापीठात भारतीय डायस्पोराचं केंद्र. आणि सक्तीच्या स्थलांतरासाठी कलकत्ता रिसर्च ग्रुप. 'रेफ्यूजी वॉच' हे नियतकालिक याच ग्रुपचं. त्यांची सक्तीच्या स्थलांतरावरची प्रशिक्षणं वर्षानुवर्षं चालत आली आहेत. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षात अशा एखाद्या कार्यशाळेला जा. दक्षिण आशियात या विषयावर कोण काय करतंय, ते चार दिवसांत जितकं कळतं तितकं वर्षभराच्या वाचनाने कळत नाही.

परदेशी जायचं असेल तर

निर्वासित अभ्यास ही विद्याशाखा म्हणून उभी राहिली ती १९८० च्या दशकात. बार्बरा हॅरेल-बाँड यांनी १९८२ मध्ये ऑक्सफर्डमध्ये जे काम सुरू केलं, त्याचं पुढे रेफ्यूजी स्टडीज सेंटर झालं. 'जर्नल ऑफ रेफ्यूजी स्टडीज' १९८८ पासून निघतं. ऑक्सफर्डचा निर्वासित आणि सक्तीचं स्थलांतर यांवरचा एम.एस्सी. नऊ महिन्यांचा आहे. टोरंटोचं यॉर्क विद्यापीठ, ससेक्स, जर्मनीतलं ओस्नाब्रुक आणि कैरोतलं अमेरिकन विद्यापीठ इथेही या विषयाची केंद्रं आहेत.

पीएच.डी.साठी देशानुसार गणित बदलतं. अमेरिकेत पाच ते सहा वर्षं, बहुधा अध्यापन साहाय्याच्या बदल्यात शुल्कमाफी आणि निर्वाहवेतन; अर्जाची मुदत डिसेंबरच्या आसपास. नेदरलँड्स आणि उत्तर युरोपात पीएच.डी. ही नोकरी असते, जाहिरात येते, करार आणि पगार मिळतो. एखाद्या मोठ्या प्रकल्पातला ठरलेला तुकडा तुमच्या वाट्याला येतो, म्हणजे विषयाचं स्वातंत्र्य कमी. युरॅक्सेस आणि अकॅडेमिक ट्रान्सफर या संकेतस्थळांवर दर आठवड्याला नजर ठेवा. ब्रिटनमध्ये प्रवेश मिळणं त्यामानाने सोपं, पैसा मिळणं कठीण. तिथे शिष्यवृत्तीची मुदत प्रवेशाच्या मुदतीच्या बरीच आधी, डिसेंबर-जानेवारीत संपते. ती चुकली की हातात प्रवेशपत्र असतं आणि पैसे नसतात. कर्ज काढून मानव्यविद्येतली पीएच.डी. करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. राज्य शासनाची अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती यांच्या जाहिराती वेळेत बघा.

भारतातच नोंदणी करून सहा ते नऊ महिन्यांसाठी फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल अधिछात्रवृत्तीवर अमेरिकेला जाऊन यायचं, हा मधला मार्ग अनेकांना जास्त फायद्याचा ठरतो. मूळ विषयाची साखळी तुटत नाही आणि बाहेरची ओळखही होते.

परदेशी प्राध्यापकाला पत्र लिहायचं ते २०० शब्दांच्या आत. पहिल्या दोन ओळींत तुमचा प्रश्न. मग त्यांच्या कोणत्या लेखातल्या कोणत्या मुद्द्याशी तो भिडतो. मग तुमच्याजवळ कोणती भाषा आणि कोणत्या भागातला वावर आहे. शेवटी पुढच्या सत्रात विद्यार्थी घेणार आहात का, हा सरळ प्रश्न. मराठी, वऱ्हाडी, अहिराणी, सिंधी, बंजारा बोली येणं हे तुमचं भांडवल आहे. ते पत्राच्या तळाशी 'छंद' या सदरात टाकू नका.

क्षेत्रकार्य

काम इथेच तरतं किंवा बुडतं, म्हणून थोडं सविस्तर.

कायद्याची बाजू आधी. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर आणि १९६७ च्या प्रोटोकॉलवर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. कायद्याच्या नजरेत निर्वासित हा परदेशी नागरिक. १ सप्टेंबर २०२५ पासून त्यांना इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, २०२५ लागू आहे. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळ यांचा कारभार सरकार स्वतः पाहतं; अफगाण, म्यानमारी अशांची नोंदणी संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्तालय करतं. तमिळनाडूतल्या श्रीलंकन तमिळांच्या पुनर्वसन वसाहतींत संशोधनासाठी जायला राज्याच्या पुनर्वसन आयुक्तालयाची परवानगी लागते. तिला किती वेळ लागेल सांगता येत नाही, म्हणून अर्ज पहिल्याच वर्षी करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भारतात वकिलाला अशिलाची माहिती गुप्त ठेवण्याचं जे संरक्षण आहे, तसं संशोधकाला नाही. तुमची वही, फोन, ध्वनिमुद्रण जप्त होऊ शकतं. त्यामुळे ज्या माहितीने एखाद्यावर कारवाई होऊ शकते ती मुळात गोळाच करू नका. सीमा कुठून ओलांडली, दलालाचं नाव, आधार कार्ड कसं मिळालं, हे प्रश्न तुमच्या प्रबंधाला लागतात का, ते प्रामाणिकपणे तपासा. दहापैकी नऊ वेळा लागत नाहीत. समोरचा आपणहून सांगू लागला तर मुद्रण थांबवा आणि ते लिहू नका. नावांची यादी आणि मुलाखती वेगळ्या ठिकाणी, सांकेतिक क्रमांकाने ठेवा. फोनमधलं मुद्रण त्याच रात्री कुलूपबंद फोल्डरात हलवून फोनवरून पुसा.

विद्यापीठाच्या नैतिक समितीचा संमतिपत्राचा नमुना बहुधा सहीचा असतो. कागदपत्रांनी पोळलेला माणूस अनोळखी कागदावर सही करत नाही, आणि केलीच तर ती धाकाने केलेली असते. समितीकडे तोंडी संमतीची परवानगी मागा: संमतीचा मजकूर त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचा, होकार मुद्रित करायचा, नाव घ्यायचं नाही. आंतरराष्ट्रीय सक्तीचे स्थलांतर अभ्यास संघटनेची २०१८ ची आचारसंहिता अर्जाला जोडली तर समितीला पटवणं सोपं जातं.

ऊसतोडीच्या तळावर मुकादमामार्फत (टोळी पुरवणाऱ्या कंत्राटदारामार्फत) शिरलात तर माणसं मुकादमाला चालेल तेच बोलतात. त्याला टाळणंही शक्य नसतं, कारण तळ त्याच्या नजरेखाली असतो. उपाय असा की पहिली भेट हंगामाआधी गावात घ्यायची, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, उचल (हंगामाआधीची आगाऊ रक्कम) घ्यायच्या सुमारास. तेव्हा घरात वेळ असतो, हिशेब ताजे असतात. तळावर मग ओळखीचं माणूस म्हणून जायचं. टोळी पहाटे अंधारात फडावर जाते, बाया संध्याकाळी परतून चुलीला लागतात. तेव्हा प्रश्नावली काढून बसणं हा त्यांच्या झोपेवर घाला आहे. कारखान्याची मशिनरी बंद पडते किंवा गाडी वजनकाट्याच्या रांगेत तासन्‌तास उभी असते, तेव्हा बोलायला वेळ मिळतो. उचल किती, कोयत्यामागे (म्हणजे जोडप्यामागे) भाव किती, खाडा (गैरहजेरीची कपात) कसा लावतात, वाढ्याचे (उसाच्या हिरव्या शेंड्यांचे) पैसे कोणाकडे जातात, हे आकडे नवरा-बायकोला वेगवेगळे विचारा. उत्तरं जुळत नाहीत. त्या फरकात तुमचं एक प्रकरण दडलेलं असतं.

निर्वासित वस्तीत दुभाषा लागला तर वस्तीच्या पुढाऱ्याच्या घरातला घेऊ नका, आणि बायकांच्या मुलाखतींना दुभाषी बाईच हवी. दोन चाचणी मुलाखती घेऊन त्यांचं भाषांतर तिसऱ्या माणसाकडून तपासून घ्या. दुभाषा काय गाळतो ते लगेच समजतं.

पीएच.डी.ला ३० ते ४० सखोल मुलाखती पुरतात. एक तासाचं मुद्रण उतरवायला पाच ते सहा तास लागतात, म्हणजे ४० तासांच्या मुलाखतींना २०० ते २४० तास, रोज चार तास बसलं तर जवळपास दोन महिने. हे वेळापत्रकात कोणीच धरत नाही आणि मग शेवटच्या वर्षात दमछाक होते. मजकूर मूळ भाषेतच उतरवा, प्रबंधात घ्यायचा तेवढाच भाग भाषांतरित करा.

हिंसा, मृत्यू, ताटातूट यांच्या कहाण्या दिवसाला दोनपेक्षा जास्त ऐकू नका. जाण्याआधी त्या भागातल्या मोफत कायदेशीर मदतीचा आणि सरकारी दवाखान्याचा पत्ता जवळ ठेवा. लोक मदत मागतातच, आणि 'मी फक्त संशोधक आहे' हे उत्तर कोणालाही शोभत नाही. मात्र जे करता येणार नाही त्याचं आश्वासन देऊ नका.

राहिलेला मुद्दा शीर्षकात तालुका न घालण्याचा. प्रबंध शोधगंगेवर चढतो आणि कोणालाही वाचता येतो. नाव बदललं तरी 'अमुक गावातली, २०१९ साली उपसरपंच असलेली, गर्भपिशवी काढलेली ४० वर्षांची बाई' गावात सगळे ओळखतात. गाव, वय, पद आणि साल यांपैकी किमान दोन गोष्टी पुसट करा आणि सादर करण्याआधी त्या भागातल्या एखाद्या विश्वासू माणसाला विचारा: यातून कोण ओळखू येतं?

इतिहासाचं काम करणाऱ्यांसाठी राज्य अभिलेखागार मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीत आहे आणि केंद्रीय पुनर्वसन मंत्रालयाच्या फाइली दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर सूची घरबसल्या शोधता येते. फाइल क्रमांक टिपूनच दिल्लीचं तिकीट काढा.

लेख छापताना

प्रबंध सादर करण्याआधी लेख छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही आणि यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादीही २०२५ मध्ये बंद झाली. म्हणून नियतकालिक पारखायची जबाबदारी आता तुमचीच. आठवड्यात स्वीकृती आणि त्यासोबत पैशाची मागणी, असं असेल तर तिथे छापू नका. तो लेख पुढे मुलाखतीत तुमच्या विरोधात जातो. मुंबईहून निघणारं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' पहिल्या चांगल्या लेखासाठी योग्य जागा. 'रेफ्यूज' हे कॅनडातलं नियतकालिक सर्वांना मोफत वाचता येतं. 'इंटरनॅशनल मायग्रेशन रिव्ह्यू' किंवा 'जर्नल ऑफ रेफ्यूजी स्टडीज'मध्ये पाठवलेला लेख वर्षभर अडकू शकतो, तेव्हा तो तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच पाठवा. आणि एक लेख मराठीत लिहाच. ज्यांच्यावर काम केलं त्यांच्या मुलाबाळांना तो वाचता यायला हवा.

नोकरी

सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट पुरते. १ जुलै २०२३ पासून त्या पदाला पीएच.डी. सक्तीची नाही. मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून. प्रत्यक्षात महाराष्ट्रात बरेच जण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं अडकतात. तासिका घ्या, पण तीन वर्षांची हद्द ठरवा आणि त्या काळात प्रबंधातून दोन लेख काढा. मुलाखतीत स्थलांतरावर बोलण्याआधी मूळ विषयाचा पेपर कसा शिकवाल ते विचारतात. बी.ए.च्या अभ्यासक्रमातली तीन प्रकरणं बोटांवर तयार हवीत.

सरकारी महाविद्यालयांपलीकडे बेंगळुरूचं अझीम प्रेमजी, सोनीपतचं अशोका, पुण्याचं फ्लेम अशा खासगी विद्यापीठांत संशोधनाला वेळ मिळतो. तिथे परदेशी नियतकालिकातला एक लेख चार परिषदांच्या प्रमाणपत्रांपेक्षा भारी ठरतो. डॉक्टरेटनंतरची मेरी क्युरी अधिछात्रवृत्ती पीएच.डी.नंतर आठ वर्षांच्या आत मागता येते आणि तिला युरोपातली यजमान संस्था आधी शोधावी लागते, म्हणजे तयारी सहा महिने आधी.

आजीविका ब्युरोसारख्या स्थलांतरित कामगारांसोबत काम करणाऱ्या संस्था एम.ए. झालेल्यांनाही संशोधक म्हणून घेतात. पीएच.डी.च्या आधी तिथे काढलेलं एक वर्ष प्रश्न निवडायला फार उपयोगी पडतं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांवर मात्र सगळी भिस्त ठेवू नका. २०२५ मध्ये अमेरिकेने मदतनिधी आखडल्यावर निर्वासित उच्चायुक्तालयाला मोठी नोकरकपात करावी लागली. अशा संस्थेसाठी अहवाल लिहिलाच, तर करारात एक कलम आधी मागून घ्या: गोळा केलेली माहिती स्वतःच्या शैक्षणिक लेखासाठी वापरता येईल. ते नसेल तर वर्षभराचं काम त्यांच्या मालकीचं होतं आणि तुमच्या कार्यवृत्तात फक्त एक ओळ उरते.